रंग शेवटी बघा

श्रोतेहो, नमस्कार.

पक्षी बघायला लागायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो दुर्बिणीचा. माझं सांगणं असं, की दुर्बीण मागाहून घेतली तरी चालेल. आधी चिमणी, साळुंकी आणि कावळा नीट पाहून ठेवा. हे तिघे म्हणजे आपली मापपट्टी. अनोळखी पक्षी दिसला आणि तो साळुंकीपेक्षा लहान होता की मोठा, एवढं जरी ठामपणे सांगता आलं, तरी शेकडो नावं आपोआप गळून पडतात.

मग शेपटी बघा, चोच बघा, बसायची ढब बघा. रंग अगदी शेवटी. नवखा माणूस नेमका रंगावर भाळतो आणि रंगच त्याला चकवतो. ऊन पक्ष्याच्या मागे असेल तर हिरवा पोपटसुद्धा काळा दिसतो. कोकीळ नर काळाकुळकुळीत, तर मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके ल्यालेली. दोघं एकाच जातीचे, हे पटायला वेळ लागतो. सुगरणीच्या नराचा पिवळाजर्द रंग विणीच्या हंगामापुरताच. आणि वंचक नावाचा बगळा! पाण्याच्या काठाला मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला असतो, चटकन लक्षातही येत नाही. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात.

वागणं मात्र सहसा फसवत नाही. तारेवर एक काळा पक्षी बसलाय, शेपटी लांब, टोकाशी दुभंगलेली. दोन मिनिटं तिथेच थांबा. तो झेप घेईल, हवेतल्या हवेत किडा टिपेल आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसेल. हा कोतवाल. कोकीळही काळाच, पण तो दाट पानांत दडून फळं खाणार. असा उघड्यावर शिकार करत बसणार नाही.

कानांनाही कामाला लावा. एकाच लयीत चाललेलं ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ ऐकून झाड धुंडाळलंत, तर शेंड्यावर कपाळाला लाल टिळा लावलेला तांबट सापडेल. आवाज ओळखणारी मोबाइल ॲप्स आहेत, जरूर वापरा; पण त्यांनी सुचवलेलं नाव पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत कच्चंच धरा.

दुर्बीण घेतलीत तर ८ × ४२ची घ्या. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असतं. बारापट घेण्याचा मोह टाळा. हात जरासा हलला तरी चित्रही बारापट हलतं. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढू नका, दुर्बीण तशीच डोळ्यांशी आणा. खाली बघितलंत की पक्षी हरवलाच.

वहीत टिपण मात्र तिथल्या तिथे करा, पुस्तक उघडण्याआधी. एकदा चित्र पाहिलं की आपण न पाहिलेले ठिपकेही आपल्याला आठवायला लागतात.

एक कळकळीची विनंती. पक्षी चोचीत चारा धरून अस्वस्थपणे ओरडत असेल, तर पिल्लं जवळपास आहेत, मागे फिरा. त्याला बाहेर काढायला ध्वनिमुद्रित आवाज तर वाजवूच नका. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चारा शोधायचं सोडून त्या नसलेल्या शत्रूला हुसकावत बसतो, आणि तिकडे पिल्लं उपाशी राहतात.