कडू कातडीचा पक्षी

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ जंगलात पहाटे ताणलेल्या बारीक जाळ्यात हा पक्षी अडकला आहे. डोके, पंख आणि शेपूट काळीभोर, उरलेले अंग विटकरी. हा काळ्या टोपीचा पिटोहुई. सोडवणाऱ्याच्या बोटांवर तो चोच आणि नखे दोन्ही चालवतो, त्याकडे नीट पाहावे.

१९८९ साली जॅक डम्बाकर हा तरुण अमेरिकी संशोधक स्वर्गपक्ष्यांच्या अभ्यासासाठी येथे आला होता. नको असलेला पिटोहुई जाळ्यातून काढताना बोटाला ओरखडा आला, त्याने सवयीने बोट तोंडात घातले, आणि जीभ व ओठ चुणचुणून बधिर झाले. पुढे त्याने एक पीस जिभेवर ठेवून पाहिले, तेव्हाही तेच झाले. स्थानिक वाटाड्यांना त्याचे नवल वाटले नाही. त्यांच्या लेखी हा ‘कचरा पक्षी’ होता, कातडी आणि पिसे काढल्याशिवाय न खाण्याचा. याच देशातील कलाम जमातीचे लोक याला ‘वोबॉब’ म्हणतात. याची कातडी कडू असते, ही त्यांची माहिती सायेम मजनेप या कलाम जाणकाराने मानववंशशास्त्रज्ञ राल्फ बल्मर यांच्यासह १९७७ सालीच छापून ठेवली होती, म्हणजे तो ओरखडा उमटण्यापूर्वी बारा वर्षे.

पिसे आणि कातडी अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ जॉन डेली यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. कोलंबियातील विषारी बेडकांमध्ये सापडणाऱ्या बॅट्राकोटॉक्सिनच्या कुळातलेच विष त्यांत निघाले आणि १९९२ साली ते जाहीर झाले. हे विष मज्जातंतू व स्नायूंमधील सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते, त्यामुळे स्नायू लुळे पडतात आणि हृदयाची लय बिघडते. पक्ष्यात मात्रा बेडकाच्या मानाने फारच थोडी. तरी उवादेखील ही पिसे टाळतात.

आता हा तळहातावरचा इवलासा भुंगेरा. पापुआ न्यू गिनीतल्याच हेरोवाना गावचे लोक याला ‘नानिसानी’ म्हणतात, आणि इफ्रिटा या दुसऱ्या विषारी पक्ष्यालाही नानिसानीच म्हणतात, कारण दोघांच्या स्पर्शाने ओठांना आणि चेहऱ्याला सारख्याच मुंग्या येतात. पक्ष्यांतील विषाचा उगम शोधणाऱ्यांनी गावकऱ्यांकडून हे भुंगेरे गोळा करून घेतले. त्यांत तेच विष भरपूर प्रमाणात आढळले, पिटोहुईच्या पोटातही याच जातकुळीचे भुंगेरे मिळाले, आणि २००४ साली तसा शोधनिबंध निघाला.