नाव न घेता

(पडद्यावर: शिवाजी पार्क. सभेआधीचं मैदान, बांबू, खुर्च्यांच्या थप्प्या.)

11 डिसेंबर 1995. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठासमोर मुंबईतल्या प्रचारसभांमधली भाषणं आहेत. दोन्ही प्रकरणं शिवसेनेची, आरोपही तोच: धर्माच्या नावावर मतं मागितली. निकाल एकाच दिवशी लागले आणि ते एकमेकांच्या उलटे होते.

पहिलं प्रकरण विलेपार्ल्याचं. डिसेंबर 1987 ची विधानसभा पोटनिवडणूक. डॉ. रमेश प्रभू यांच्या प्रचाराला बाळासाहेब ठाकरे उतरले होते. 29 नोव्हेंबरच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं, की ही निवडणूक आम्ही हिंदू धर्माच्या रक्षणासाठी लढतोय, मुसलमानांच्या मतांची आम्हाला पर्वा नाही, हा देश हिंदूंचा आहे आणि हिंदूंचाच राहील. त्यात आडपडदा काही नव्हता. प्रभू निवडून आले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले. 1989 मध्ये हायकोर्टानं निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. पुढे 1999 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं ठाकरेंचा मताधिकारही गेला. त्या वर्षीच्या निवडणुकीत शिवसेनाप्रमुखांना मत देता आलं नाही.

दुसरं प्रकरण दादरचं. 24 फेब्रुवारी 1990, शिवाजी पार्कची सभा. मनोहर जोशी यांचं विधान असं, की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. हायकोर्टानं त्यांचीही निवडणूक रद्द ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं मात्र ती वाचवली. हे विधान कितीही निंदनीय असलं तरी ते धर्माच्या आधारावर मत मागणं होत नाही, फार तर ती एक आशा आहे, असं न्यायालय म्हणालं. तोवर जोशी राज्याचे मुख्यमंत्री झाले होते.

न्यायालयाचं तर्कशास्त्र समजण्यासारखं आहे. अशा खटल्यात आमदारकी जाते, वर सहा वर्षांची अपात्रता येऊ शकते. एवढी शिक्षा द्यायची तर पुरावा चोख लागतो आणि शंकेचा फायदा उमेदवाराला जातो. पण त्या संध्याकाळी मैदानात सतरंजीवर बसलेल्या माणसाचा विचार करा. ‘हिंदू राज्य येईल’ या वाक्यापुढे ‘म्हणून मला मत द्या’ हे शब्द नव्हते, एवढ्यानं त्याला काही कमी समजलं असेल? निवडणुकीच्या मंचावरून उमेदवार बोलतोय म्हटल्यावर ते शब्द बोलायचे राहत नाहीतच.

आता प्रत्येक पक्षाच्या वक्त्याच्या जागी उभं राहून हे दोन निकाल वाचा. समाजाचं नाव घेऊन ‘त्यांची मतं नकोत’ म्हणालात तर अडकलात. आशा व्यक्त केलीत तर सुटलात. कायद्यानं द्वेष किती कमी केला हा वेगळा प्रश्न, बोलायची पद्धत मात्र त्यानं नक्की शिकवली.

(पडद्यावर: जुना टेपरेकॉर्डर.)

नाव न घेता इशारा देण्याचं हे सगळं ठरवून केलं जातं का? करणारा माणूस तसं कबूल करत नाही. एकदा मात्र एकानं केलं, तेही टेप चालू असताना. 1981 साल, अमेरिका. रोनाल्ड रेगन यांच्या व्हाइट हाऊसमध्ये काम करणारा ली अ‍ॅटवॉटर हा तरुण प्रचारतज्ज्ञ राज्यशास्त्राचे अभ्यासक अलेक्झांडर लॅमिस यांच्याशी बोलत होता, नाव छापायचं नाही या अटीवर. दक्षिणेतल्या राजकारणाचा प्रवास त्यानं सरळ सांगितला. 1954 मध्ये काळ्यांना उघड शिवी देऊन प्रचार करता यायचा. 1968 येईपर्यंत ती शिवी अंगलट यायला लागली. मग ‘राज्यांचे अधिकार’ आले, काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठीच्या शाळेच्या बसच्या सक्तीला विरोध आला. त्यानंतर आली करकपात, म्हणजे निव्वळ आर्थिक गोष्टी, ज्यांत गोऱ्यांपेक्षा काळ्यांना जास्त झळ बसते. अ‍ॅटवॉटर 1991 मध्ये वारला. मुलाखतीची पूर्ण ध्वनिफीत 2012 मध्ये लोकांसमोर आली.

ही टेप उद्धृत करणारे बहुतेक जण तिचा दुसरा भाग गाळतात. त्याच मुलाखतीत अ‍ॅटवॉटर असंही म्हणतो, की रेगन यांचा प्रचार अर्थकारण आणि संरक्षणावर चालला, आणि गोष्ट इतकी आडवळणाची झाली असेल तर वंशाचा प्रश्न मागेच पडतोय. त्याची ही समजूत प्रामाणिक होती की सोयीची, हे त्याचं त्याला माहीत. सोयीची असावी, असं मला वाटतं.

आता घरी या. 2016. संभाजीराजे छत्रपती यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली, मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. त्यावर शरद पवार म्हणाले, की पूर्वी छत्रपती पेशव्यांची नेमणूक करत, पेशवे फडणवीसांची करत, आता फडणवीस छत्रपतींची नेमणूक करू लागले आहेत.

हे वाक्य जरा जवळून बघा. फडणवीस हे पेशवाईतलं फडावरचं पद, तेव्हा इतिहास म्हणून चूक काढायला जागा नाही. विनोद म्हणून ते झकास जमलंय, पहिल्यांदा ऐकल्यावर मीही हसलो होतो. जातीचा शब्द त्यात औषधालाही नाही. आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही पारावर बसलेल्या माणसाला त्यातली जात कळते, कारण इथे आडनाव कळलं की पुढचं विचारावं लागत नाही. कोणी हरकत घेतलीच, तर उत्तर तयार असतं: आम्ही इतिहास सांगितला, जात तुम्ही काढलीत. म्हणजे आक्षेप घेणाराच जातीयवादी ठरतो.

पवारांच्या मनात काय होतं, ते शोधायच्या फंदात मी पडणार नाही. पन्नास वर्षं सभा गाजवलेल्या माणसाला आपलं वाक्य खाली बसलेल्यांच्या कानात कसं पडेल हे कळत नाही, एवढं मात्र मला कोणी पटवू नये. हेतू सिद्ध करता येत नाही म्हणून तो नसतोच असं नाही.

‘परप्रांतीय’ हा आपला आणखी एक शब्द. कशाच्या नावावर मतं मागायची नाहीत, याच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 मधल्या यादीत धर्म, वंश, जात, समुदाय आणि भाषा आहे. प्रांत नाही.

(पडद्यावर: जुनं निवडणूक पोस्टर, अक्षरं अस्पष्ट.)

याची दुसरी बाजूही आहे. सगळीकडे संकेतच ऐकू यायला लागले तर बोलणंच अशक्य होईल. 1962 च्या पंजाब निवडणुकीत अकाली दलाच्या कुलतार सिंग यांच्या पोस्टरवर ‘पंथा’च्या इज्जतीची भाषा होती. पंथ म्हणजे शीख समाज, म्हणजे धर्माचा वापर, असा आरोप झाला. 1964 मध्ये सरन्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे प्रल्हाद गजेंद्रगडकर. त्यांच्या निकालानं सांगितलं, की पोस्टर निवडणुकीच्या धामधुमीत, सामान्य मतदाराला ते जसं समजेल तसं वाचायचं, आणि तसं वाचलं तर इथे पंथ म्हणजे अकाली पक्ष. आमदारकी वाचली. सामान्य मतदाराचा कान ही कसोटी मला आजही सगळ्यात शहाणी वाटते. तीच कसोटी दादरच्या वाक्याला तितक्याच कडकपणे लावली असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र मनातून जात नाही.

2017 च्या 2 जानेवारीला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. मूळ खटला पुन्हा मुंबईचाच, सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीचा. चार विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की कलमातला ‘त्याचा धर्म’ फक्त उमेदवाराचा नाही, मतदाराचा धर्मही त्यात आला. विरोधातल्या तिघांत धनंजय चंद्रचूड आणि उदय लळित होते. त्यांचा मुद्दा असा, की जात आणि धर्म यांमुळे ज्यांनी सोसलं, त्यांना ते सोसणं प्रचारात मांडू द्यायचं नाही का? हा मुद्दा हलका नाही. वस्तीवर झालेल्या अत्याचाराबद्दल बोलणारा दलित उमेदवार जातीचं नाव घेऊनच बोलणार. तो लपवत काही नाही. आणि कायद्याच्या तावडीत तोच आधी सापडायचा, कारण त्याचं वाक्य स्पष्ट असतं.

तरी या सगळ्या प्रकरणांत एक सोय होती. सभा होती, वक्ता होता, तारीख होती. कलम 123 खाली उमेदवार, त्याचा एजंट किंवा त्याच्या संमतीनं बोलणारा माणूसच अडकतो आणि निवडणूक याचिका निकालापासून 45 दिवसांत दाखल करावी लागते. आता मंचावरून फक्त ‘ते लोक’ म्हटलं जातं. ते कोण, हे रात्री सोसायटीच्या, भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला बिननावाचा फॉरवर्ड सांगतो. त्या फॉरवर्डला उमेदवाराची संमती होती, हे 45 दिवसांत कोण आणि कसं शोधून काढणार?