गणपतीआधी बोर्ड उघडून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण सरत आलाय. चाकरमानी आता गावाकडे येतील, वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतील. वायरिंगचं काम करणारा माणूस म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, घर उघडल्याबरोबर मेन स्विच चालू करू नका. आधी वायरमनला बोलावून बोर्ड उघडून बघा. बंद घरातल्या बोर्डात काय नसतं! कुंभारीण माशीनं प्लगच्या भोकात लिंपलेली माती, मुंग्यांची अंडी, वाळलेली पाल. आणि खाऱ्या वाऱ्यानं पितळी स्क्रूवर चढलेला हिरवा कळंक. कळंकानं जोड बिघडतो, बिघडलेला जोड तापतो, आणि भर सणात फ्रिजच्या प्लगातून जळका वास येतो.

त्याहून मोठी काळजी अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेची. आपला कोकणातला जांभा दगड पाणी धरत नाही. वैशाखात जमीन खडखडीत कोरडी होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. जुन्या घरांत तर प्लगाला तिसरी वायरच नसते. फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात आणि घरातले सांगतात, "जरासा करंट मारतो, चप्पल घालून उघड." असं करू नका हो! पागोळीखालून भिजून आलेलं पोर चप्पल घालत नाही.

बोर्डात एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच आहे, मग भीती कसली, असं मला नेहमी ऐकवतात. एमसीबी वायरिंग वाचवते. ती 16 अँपिअरची असेल, तर माणसाचा जीव घेणारा अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा करंट तिला कळतही नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही, तर ती लगेच बदला.

गणपतीवर टांगलेल्या माटवीला लाइटची माळ सोडताना उघडा जोड ओल्या पानाफळांना टेकू देऊ नका. आणि कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, सुंभ किंवा नायलॉनची दोरी बांधा.

आता बिलाचं. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी पंखा साधारण 30. रात्रभर पंखा लागणाऱ्या आपल्या दमट हवेत हा फरक मोठा आहे. पण वाडीवाल्यांनी आधी विहिरीतला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या तळाची झडप बघावी. जाळीत पाला अडकला की पाणी कमी येतं, शिंपणं लांबतं आणि मीटर तेवढाच जास्त वेळ फिरतो. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला जवळजवळ एक युनिट घेतो.

शेवटचं, आणि हे आजच करा. मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा, आजीलाही आणि मुलांनाही. कुणी करंटला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडानं माणसाला सोडवायचं. पावसात पडवीतला वासाही ओला असतो, तो चालणार नाही. एक सुकी काठी आत, कोरड्या जागी ठेवून द्या. रस्त्यात तार तुटून पडलेली दिसली, तर जवळ न जाता 1912 ला फोन लावा.