नारळ मिळाल्यानंतरचा हंगाम

नागपूरच्या मोतीबागेत रेल्वेचे एक मैदान आहे. जिल्हा फुटबॉल संघटनेच्या साखळीतील सामने येथे होतात, कामठीच्या आणि शहरातील क्लबांचे पाठीराखे कडेला उभे राहून आपापल्या संघाला ओरडून सल्ले देतात, आणि मध्यंतरात विषय निघतो तो बहुधा आदल्या रात्री टीव्हीवर पाहिलेल्या युरोपातील सामन्याचा. तिकडे एखाद्या मोठ्या मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, नारळ मिळाला असेल, तर इकडे त्याच्या भवितव्याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. संपला, असे एक म्हणतो. नाव मोठे आहे, कुठेतरी लागेल, असे दुसरा म्हणतो. ही दोन्ही मते घाईची आहेत. काढून टाकलेला प्रशिक्षक पुन्हा उभा राहतो की नाही, हे त्याच्या हकालपट्टीपेक्षा त्यानंतर त्याने स्वीकारलेल्या पहिल्या दोन नोकऱ्यांवर अधिक ठरते, असे गेल्या दहा-बारा वर्षांतील उदाहरणे पाहिल्यावर वाटते. या उदाहरणांची सुरुवात डेव्हिड मॉइज यांच्यापासून करावी लागेल.

मॉइज यांनी 2002 ते 2013 अशी अकरा वर्षे एव्हर्टन हा इंग्लंडमधील क्लब सांभाळला होता. अॅलेक्स फर्ग्युसन हे दीर्घकाळचे यशस्वी मॅनेजर निवृत्त झाल्यावर मँचेस्टर युनायटेडने मॉइज यांच्याशी सहा वर्षांचा करार केला. 20 एप्रिल 2014 रोजी संघ एव्हर्टनकडूनच 2-0 असा हरला, चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लब स्पर्धेत स्थान मिळण्याची उरलीसुरली शक्यता मावळली आणि दोन दिवसांनी मॉइज यांना पदावरून दूर करण्यात आले. सहा वर्षांच्या करारातील जेमतेम दहा महिने त्यांच्या वाट्याला आले.

येथवरची हकीकत सर्वांना ठाऊक असते, पण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीला खरा धक्का युनायटेडमध्ये बसलाच नव्हता. फर्ग्युसन यांच्यासारख्या माणसाच्या जागी जो कोणी येईल त्याची हीच गत होणार, हे इंग्लंडमधील बहुतेक जाणकार त्या वेळीही मान्य करत होते, त्यामुळे अपयशाचे स्पष्टीकरण आयतेच उपलब्ध होते. त्यानंतर मॉइज स्पेनमधील रेआल सोसिएदादकडे गेले. तेथे जानेवारी 2015 मध्ये त्यांच्या संघाने बार्सिलोनाला हरवले, तरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काढले गेले. मग 2016 मध्ये त्यांनी सुंदरलँड स्वीकारले, आणि ही निवड अंगाशी आली. सलग काही हंगाम घसरणीच्या काठावर काढलेला तो संघ 2016-17 मध्ये तळाला राहिला, खालच्या विभागात गेला आणि मॉइज यांनी राजीनामा दिला. युनायटेडमधील अपयशाला परिस्थितीचा आधार होता. सुंदरलँडनंतर मात्र या माणसाचा काळ सरला, असे उघडपणे बोलले जाऊ लागले.

त्यांना वर काढणारी संधी अगदी साधी, किंबहुना अपमानास्पद वाटावी अशी होती. नोव्हेंबर 2017 मध्ये अडचणीत सापडलेल्या वेस्ट हॅमने त्यांना उरलेल्या हंगामापुरते बोलावले, त्यांनी संघ वाचवला, आणि हंगाम संपताच क्लबने अधिक नावाजलेल्या मान्युएल पेलेग्रिनी यांना नेमले. डिसेंबर 2019 मध्ये पेलेग्रिनी यांना काढल्यावर त्याच क्लबने मॉइज यांना पुन्हा बोलावले. एकदा नाकारलेल्या दारात परत जाण्याला आपल्याकडे लाचारी म्हटले गेले असते, पण हा क्लब, त्यातील खेळाडू आणि त्यातील दुखणी त्यांना आधीच माहीत होती, आणि ही माहिती कोणत्याही मोठ्या पदापेक्षा मोलाची ठरली. 2020-21 मध्ये वेस्ट हॅम सहावे आले, पुढच्या वर्षी युरोपा लीग या युरोपातील दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचले आणि 7 जून 2023 रोजी प्रागमध्ये फिओरेन्टिनाला 2-1 असे हरवून त्यांनी तिसऱ्या स्तराची युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकली. 1980 च्या एफए चषकानंतर क्लबला मिळालेला तो पहिला मोठा चषक होता. युनायटेडने काढल्यापासून तेथवर पोहोचायला मॉइज यांना नऊ वर्षे लागली होती. जानेवारी 2025 मध्ये ते एव्हर्टनला परतले, म्हणजे अखेरीस जेथे त्यांची पद्धत मुरली होती तेथेच.

उनाई एमरी यांचा प्रवास याहून आखूड आणि अधिक शिकण्यासारखा आहे. लागोपाठ सात सामन्यांत विजय न मिळाल्यामुळे लंडनच्या आर्सेनलने त्यांना 29 नोव्हेंबर 2019 रोजी काढले. इंग्रजीतील त्यांच्या उच्चारांची इंग्लंडमध्ये जी टिंगल झाली, ती फुटबॉलच्या चर्चेत बसणारी नव्हती. त्यानंतर सात-आठ महिने एमरी कोठेही गेले नाहीत. जुलै 2020 मध्ये त्यांनी स्पेनमधील व्हियारेआल निवडले. हा क्लब लहान गावातील, पण नीट चालवलेला होता आणि तेथील मैदानी भाषा त्यांची स्वतःची होती. 2021 च्या युरोपा लीगमध्ये त्यांच्या संघाने उपांत्य फेरीत आर्सेनललाच बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला पेनल्टी शूटआउटमध्ये 11-10 असे हरवले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या, श्रीमंत मालकांच्या न्यूकॅसलने त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी नकार दिला. एका वर्षाने त्यांनी अॅस्टन व्हिला स्वीकारले, आणि 2023-24 मध्ये तो संघ चौथ्या स्थानावर येऊन चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरला. न्यूकॅसलला दिलेला नकार मला त्या चषकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उलट बाजूला एरिक टेन हाग आहेत. मँचेस्टर युनायटेडला लीग चषक आणि एफए चषक मिळवून दिल्यानंतरही ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांना पद सोडावे लागले. 2025 च्या उन्हाळ्यात त्यांनी जर्मनीतील लेव्हरकुसेन पत्करले. तेथून शाबी अलोन्सो यांच्यासारखा यशस्वी प्रशिक्षक नुकताच गेला होता आणि त्याच्या मागोमाग व्हिर्ट्झ, झाका, ता आणि फ्रिम्पाँग हे खेळाडूही गेले होते. बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीतील अव्वल साखळीचे, केवळ दोन सामने झाले आणि 1 सप्टेंबरला टेन हाग पुन्हा बेकार झाले. फर्ग्युसन यांच्या खुर्चीवर मॉइज बसले होते, तशीच ही खुर्ची होती. फरक इतकाच की मॉइज यांना ती पहिल्या अपघाताच्या वेळी मिळाली आणि टेन हाग यांनी ती अपघातानंतरचा उपाय म्हणून घेतली.

नशिबाचा भाग कोणी नाकारणार नाही. क्लाउदिओ रानिएरी ग्रीसचे प्रशिक्षक असताना नोव्हेंबर 2014 मध्ये त्यांचा संघ मायदेशात फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून हरला आणि चार सामन्यांतच त्यांची रवानगी झाली. पुढच्या जुलैमध्ये लेस्टर सिटीने त्यांना घेतले, तेव्हा तो संघ विजेता होण्यावर सट्टेबाज एकास पाच हजार असा भाव देत होते. मे 2016 मध्ये लेस्टर विजेते झाले, आणि नऊ महिन्यांनी रानिएरी यांना पुन्हा काढले गेले. मात्र असा चमत्कार गृहीत धरून कोणाला स्वतःची पुढची नोकरी निवडता येत नाही.

युरोपात थांबणे शक्य होते, याला एक आर्थिक कारण आहे. मुदतीपूर्वी काढलेल्या मॅनेजरला करारानुसार किंवा तडजोडीने भरपाई मिळते, आणि मोठ्या क्लबांत ही रक्कम इतकी असते की वर्षभर घरी बसून सामने पाहणे, इतर संघांचे सराव बघायला जाणे आणि चार प्रस्ताव नाकारणे त्याला परवडते. भारतात असा करार राष्ट्रीय संघाच्या परदेशी प्रशिक्षकाच्या हाती असू शकतो. इगोर स्टिमॅक यांना जून 2024 मध्ये विश्वचषक पात्रता फेरीतील अपयशानंतर काढले, तेव्हा त्यांच्या कराराची बरीच मुदत शिल्लक होती आणि भरपाईवरून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी त्यांचा जाहीर वाद झाला. देशी प्रशिक्षकाच्या वाट्याला अशी चर्चा क्वचितच येते.

म्हणूनच भारतीय प्रशिक्षक खालिद जमील यांची वाटचाल नागपूरच्या प्रेक्षकांनी मॉइज यांच्यापेक्षा अधिक बारकाईने पाहावी, असे सुचवावेसे वाटते. मुंबई एफसीबरोबर त्यांनी सुमारे सात वर्षे काढली. फारसा पैसा नसलेला तो संघ ते दरवर्षी आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या अव्वल साखळीत टिकवून धरत, आणि त्यांचा खेळ बचावात्मक व कंटाळवाणा आहे, अशी टीकाही होत असे. 2016 मध्ये क्लबने दुसरा प्रशिक्षक नेमला. जमील मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खाली घसरला होता आणि गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले आशुतोष मेहता आणि जयेश राणे हेही तेथे आले. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉल आय-लीगचे विजेते झाले. ईशान्य भारतातील क्लबने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली.

इतक्या यशानंतरही पुढची वाट सरळ नव्हती. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही मोठ्या क्लबांत त्यांना फार काळ मिळाला नाही. 2021 च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या परदेशी प्रशिक्षकाला काढून सहायक असलेल्या जमील यांच्याकडे संघ तात्पुरता सोपवला. त्यांनी तो इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत नेला आणि त्यानंतर ते त्या लीगमधील पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. पुढच्या हंगामात अकरा संघांत दहावा क्रमांक आला आणि ते पदही गेले. येथे त्यांनी जे केले ते मोठे नाव असलेल्या फार थोड्यांनी केले असते: ते बंगळुरू युनायटेड या आय-लीगच्या दुसऱ्या विभागातील संघाकडे गेले. तेथून 2023 च्या अखेरीस जमशेदपूर, 2025 मध्ये त्या संघासह आयएसएलची उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना, आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारताचे प्रशिक्षकपद. मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स चषकात ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला, तर 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून 2-1 असा पराभव झाला आणि 2027 च्या आशियाई चषकाची दारे बंद झाली. म्हणजे ज्या खुर्चीवरून स्टिमॅक गेले आणि त्यांच्यानंतरचे मानोलो मार्केझ स्वतःहून बाजूला झाले, ती जमील यांनाही मऊ मिळालेली नाही.

आता नागपूरकडे येऊ. येथील क्लबांत संघ सांभाळणारी माणसे बहुधा शाळेतील क्रीडाशिक्षक, रेल्वेतील किंवा पोलिसांतील कर्मचारी, नाहीतर स्वतः त्याच क्लबमधून खेळलेली असतात. त्यांच्याकडे लेखी करार क्वचितच असतो, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. साखळीत संघ खाली गेला की पुढच्या हंगामात सरावाला दुसरा कोणी उभा असतो. तरीही पोट वेगळ्या नोकरीवर चालत असल्यामुळे या माणसाला थांबण्याची मुभा असते, आणि एमरी यांनी पैशाच्या बळावर जी उसंत घेतली ती त्याला पगारामुळे मिळते. ही उसंत त्याने कशात घालवावी, याचे उत्तर फारसे गूढ नाही. महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून आशियाई महासंघाच्या ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ परवान्यापर्यंत जी चढण आहे, ती चढल्याखेरीज व्यावसायिक क्लब अर्जाकडेही पाहत नाहीत. विजय बारसे यांनी 2001 मध्ये नागपुरात सुरू केलेल्या स्लम सॉकरसारख्या कामातून मुलांना शिकवण्याचा अनुभवही येथे मिळू शकतो.

अडचण चढणीच्या वरच्या टोकाला आहे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाले. पुण्याचे भारत एफसी एकच हंगाम खेळले. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी 2017 नंतर दिसले नाहीत, आणि एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपले. विदर्भाचा संघ तर आय-लीग किंवा आयएसएलमध्ये कधी आलाच नाही. मॉइज यांना नाकारणारा वेस्ट हॅम दीड वर्षानेही त्याच जागी होता, म्हणून त्यांना परत जाता आले. महाराष्ट्रातील प्रशिक्षकाला काढणारा क्लब तो परत येईपर्यंत अस्तित्वात असेलच, याची खात्री नसते. जुलै 2025 मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचा प्रश्न न सुटल्यामुळे आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवून ठेवण्यात आला, तेव्हा नोकरी असलेल्यांचीही हीच अवस्था झाली.

अशा स्थितीत नागपूरचा एखादा ‘ए’ परवानाधारक प्रशिक्षक संघाविना राहिला, तर त्याने मुंबईतून निरोप येण्याची वाट पाहू नये, असेच सांगावे लागेल. त्याला संधी ऐझॉल, शिलाँग किंवा कोळिकोड येथे, दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावरच्या क्लबात, बहुधा सहायक म्हणून मिळेल. तेथे जाताना आपल्या हाताखाली खेळलेली दोन मुले बरोबर नेता आली, तर जमील यांच्याप्रमाणे निम्मे काम पहिल्याच आठवड्यात सोपे होते. शाळेतील नोकरीवर बिनपगारी रजा मिळते की राजीनामा द्यावा लागतो, हे मात्र त्याने निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.