गवताची भूमिगत देवाणघेवाण

श्रोतेहो, नमस्कार.

हरळी उपटायला गेलं की फुटव्यामागोमाग वीतभर दोरी निघते. ती दोरी म्हणजे मूळ नव्हे, खोड. मातीतून किंवा मातीलगत आडवं धावणारं. त्याच्या पेरापेरावर डोळा असतो. डोळ्यातून कोंब वर येतो, त्याच पेरातून मुळं खाली जातात. एका बीपासून असे शेकडो फुटवे होतात आणि सगळ्यांचा जनुकीय वारसा एकच असतो. मग यातलं 'एक झाड' कोणतं? वनस्पतिशास्त्रज्ञही याचं उत्तर जरा सावधपणेच देतात.

या फुटव्यांमधली देवाणघेवाण मोजता येते. एका पानाभोवती पारदर्शक पिशवी बांधून आत किरणोत्सारी कर्ब-१४ असलेला वायू सोडतात. पान त्याची साखर बनवतं. नंतर शेजारचे फुटवे तपासले की ती साखर कुठवर पोहोचली ते कळतं. कोवळा फुटवा सुरुवातीला पूर्णपणे आईच्या साखरेवर जगतो. स्वतःची पानं आणि मुळं सावरली की तो बराचसा स्वावलंबी होतो. पण त्याच्यावर दाट सावली पडली किंवा जनावरानं त्याची पानं खाल्ली, तर आटलेला ओघ पुन्हा सुरू होऊ शकतो.

याला कुणी माया म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे साखर तयार होते तिथे रसवाहिन्यांत दाब वाढतो, जिथे ती खर्च होते तिथे कमी होतो, आणि रस त्या उताराने वाहतो. पाण्याचंही तसंच: कोरड्या जागेतला फुटवा पानांतून बाष्प सोडतो आणि त्या ओढीनं ओल्या जागेतल्या शेजाऱ्याकडचं पाणी खेचून घेतो. पाण्यासोबत नत्र आणि इतर क्षारही जातात. मात्र हा रस्ता दोन्ही दिशांना सारखा मोकळा नसतो. बऱ्याच जातींत पाणी आणि क्षार जुन्या फुटव्याकडून वाढत्या टोकाकडे सहज जातात, उलट्या दिशेनं कमी.

या व्यवस्थेचं टोक बघायचं तर बांबू बघावा, तोही गवतच. त्याचा कोंब जमिनीतून निघतो तो पुढे जेवढा जाड राहणार तेवढाच जाड. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, आणि तोवर अंगावर म्हणावं असं हिरवं पान नसतं. एवढं बांधकाम चालतं ते भूमिगत खोडातल्या साठ्यावर आणि जुन्या बांबूंच्या कमाईवर.

जोडलेलं राहण्याची किंमतही असते. विषाणू याच वाहिन्यांतून फिरतात. शिवाय जमीन सगळीकडे सारखीच असेल, तर वाटून घेण्याजोगं फारसं काही उरत नाही.

आणि दोरी तुटली तर? शेंड्याकडून दबलेले डोळे जागे होतात, तुकड्यातुकड्यातून कोंब फुटतात. म्हणून एकदाच नांगरून असं तण जात नाही, उलट पसरतं. पण प्रत्येक कोंब आधी तुकड्यातला साठा खातो. काउच गवतात, म्हणजे हरळीसारखंच भूमिगत खोडानं पसरणाऱ्या थंड प्रदेशातल्या तणात, ३-४ पानं येईपर्यंत हा साठा तळाला जातो. पुन्हा छाटायचं ते तेव्हा, पानांची कमाई भूमिगत खोडाकडे परतायच्या आत.