चुन्याची निवळी आणि प्रवाळाची भूक

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

शाळेत आपण सगळ्यांनी एक प्रयोग केलेला आहे. परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, तिच्यात काचेच्या नळीनं फुंकायचं आणि निवळी दुधाळ झाली की वहीत लिहायचं, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. आमच्या बाईंनी आम्हाला तिथं थांबू दिलं नव्हतं. ‘अजून फुंका’ म्हणाल्या. गाल दुखेपर्यंत फुंकलं, आणि ते दुधाळ पाणी हळूहळू पुन्हा नितळ झालं. आधी जी चुनखडी तयार झाली होती, ती जास्तीच्या वायूमुळं बायकार्बोनेट होऊन विरघळली होती.

प्रवाळ, म्हणजे समुद्रातला एक छोटा प्राणी, हीच क्रिया उलटी चालवतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेतो, त्यांची चुनखडी करतो, आणि वायू बाहेर सोडतो. या चुनखडीला अ‍ॅरागोनाइट म्हणतात. प्रवाळभित्ती म्हणून जे आपण चित्रांत पाहतो, तो मुख्यतः हाच दगड. त्याच्यावर जिवंत मांस असतं ते काही मिलिमीटरचं.

मी अठरा वर्षं न्यू जर्सीत राहिलो. त्यातली बारा वर्षं आमच्या बैठकीच्या खोलीत प्रवाळांची टाकी होती, पाणी तीनशे लिटर. आज त्या पाण्याबद्दल बोलायचं आहे. मासे सुंदर होते, पण मला बारा वर्षं जागं ठेवलं ते पाण्यानं.

हा छंद तसा फार जुना नाही. १९६१ साली जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी लिहून दाखवलं, की समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरही प्रवाळ घरात जगतात. जगतात, पण दगड घडवणारे प्रवाळ वाढायचे नाहीत. पुढे १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी टाकीत एक पदार्थ घालायला सुरुवात केली, त्याला जर्मन भाषेत म्हणतात काल्कवासर. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा काहीतरी भारी रसायन असेल असं वाटलं. नंतर अर्थ पाहिला. काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी. आपली चुन्याची निवळी!

आता आकडे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कॅल्शियम ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम जवळपास १३००. आणि तिसरी गोष्ट अल्कलिनिटी. पाण्यात आम्ल पचवण्याची किती ताकद आहे, याचं ते माप; समुद्राच्या पाण्यात ती ताकद मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेटची असते. छंदातली माणसं ती जर्मन डिग्रीत मोजतात. समुद्रात ती साडेसहा ते सातच्या आसपास असते, टाकीत बहुतेक जण सात ते नऊ ठेवतात. एक डिग्री म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम चुनखडीएवढी.

माझ्या टाकीत भराच्या काळात रोज एक डिग्री अल्कलिनिटी खर्च व्हायची. तीनशे लिटरला गुणा: दिवसाला साधारण ५.४ ग्रॅम चुनखडी. वर्षाला जवळपास दोन किलो! त्यातली थोडी पंपांवर आणि हीटरवर थर होऊन बसते, थोडी खडकांवरचं जांभळं, चुनखडी साठवणारं शेवाळ घेतं. पण बाकी सगळा दगड प्रवाळाच्या बोटभर फांद्यांनी रचलेला असतो, आणि तो रचायला लागणारा माल टाकीबाहेरून तुम्हीच आणून द्यायचा असतो. समुद्राला हा प्रश्न पडत नाही. तीनशे लिटरला रोज पडतो.

कॅल्शियमपेक्षा मी अल्कलिनिटीकडे जास्त लक्ष का देत होतो, ते सांगतो, कारण नवा माणूस नेमका इथं चुकतो. एक डिग्री अल्कलिनिटी खर्च होते तेव्हा बरोबर सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. कॅल्शियमचा साठा ४२०. म्हणजे दिवसात दोन टक्क्यांहून कमी हललं. घरगुती चाचणीत ते दिसणारही नाही. अल्कलिनिटी मात्र साडेसातातली एक गेली, म्हणजे तेरा टक्के. एकच व्यवहार, पण एका वहीत तो दिसत नाही आणि दुसरीत ठळक दिसतो. म्हणून रोज सकाळी दिवे लागायच्या आधी, त्याच वेळी, त्याच संचानं, आम्लाचे थेंब मोजत रंग बदलेपर्यंत मी अल्कलिनिटी काढायचो. कॅल्शियम आठवड्यानं, मॅग्नेशियम महिन्यानं.

मॅग्नेशियमचं काम वेगळं आहे. समुद्राच्या पाण्यात चुनखडी खरं म्हणजे मावेल त्याहून जास्त विरघळलेली असते. ती आपोआप खाली का बसत नाही? कारण स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागात घुसतं आणि पुढची वाढ अडवतं. मॅग्नेशियम घसरलं की तुम्ही कॅल्शियम घाला, अल्कलिनिटीसाठी सोडा घाला, दोन्ही आकडे वर टिकत नाहीत. माल प्रवाळापर्यंत पोचायच्या आधीच हीटरवर बसतो.

मालाचा पुरवठा कसा करायचा? माझा जीव निवळीवरच होता. स्वच्छ पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅम चुना विरघळतो. वरची सायीसारखी पापडी तशीच ठेवायची, तळाचा गाळ ढवळायचा नाही, मधलं नितळ पाणी घ्यायचं. टाकीतलं पाणी रोज वाफ होऊन कमी होतं, माझ्याकडे चार लिटर व्हायचं, ते भरून काढताना साध्या पाण्याऐवजी निवळी थेंबथेंब सोडायची. एक डिग्री भरायला तीनशे लिटरला अडीच लिटरच्या थोडी वर निवळी लागते. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात प्रवाळ घेतो, त्याच प्रमाणात ती दोन्ही देते, मागं काही उरत नाही. मात्र तिचा सामू, म्हणजे पीएच, बाराच्या वर असतो. एकदम ओतली तर पाणी ढगाळतं आणि जीव मरतात. अमेरिकेत लोणच्यासाठी चुना मिळतो, मी तो वापरायचो. पानाच्या डबीतला चुना घालू नका. त्यात आणखी काय मिसळलेलं आहे, ते डबीवर लिहिलेलं नसतं.

वाढ इतकी झाली की वाफेच्या पाण्यात मावेल तेवढी निवळीही अपुरी पडू लागते. मग दोन बाटल्या येतात. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. खाण्याचा सोडा चालतो. तीनशे लिटरला एक डिग्री म्हणजे नऊ ग्रॅम, दोन चमचे. तोच सोडा ओव्हनमध्ये तासभर भाजला की धुण्याचा सोडा होतो, आणि तो सामूही चढवतो. या दोन बाटल्यांची गाठ पाण्यात पडण्याआधी कुठंही पडू द्यायची नाही. एका भांड्यात ओतल्या तर समोर खडू तयार होतो.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दल थोडक्यात. फॉस्फेट जास्त झालं तर दगड घडणं अडतं, शेवाळ माजतं. म्हणून लोक ते शून्यावर नेतात, आणि तीही चूक आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला खत लागतं, आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न ते शैवालच बनवतं. थॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून १९५९ मध्ये दाखवलं, की उजेडात प्रवाळ अंधारापेक्षा कितीतरी भराभर दगड घडवतात. ती कमाई त्या शैवालाच्या जोरावर. त्याला उपाशी ठेवलं तर बांधकाम थांबतं.

सामूची गोष्ट मला एका जानेवारीनं शिकवली. बाहेर बर्फ, खिडक्या बंद, घरात पाहुणे. पाण्याचा सामू ७.८ च्या वर चढेना. अल्कलिनिटी उत्तम, कॅल्शियम उत्तम. मी टाकीतलं पाणी तांब्याभर बाहेरच्या गच्चीत नेलं आणि हवेच्या पंपानं तासभर बुडबुडे सोडले. सामू ८.२ झाला. दोष पाण्यात नव्हता, आमच्या श्वासात होता. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो, बंद घरात तो हजारावर सहज जातो. शाळेतली तीच फुंकर, फक्त आता सगळं कुटुंब मिळून टाकीत फुंकत होतं. मी फेस काढणाऱ्या यंत्राची, स्किमरची हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली. दोन दिवसांत आकडा सावरला.

प्रवाळाला याचा फरक का पडतो? चुनखडीचा प्रत्येक कण घडवताना आम्ल तयार होतं आणि ते दगडाच्या जागेवरून बाहेर ढकलावं लागतं. मोनॅकोच्या शास्त्रीय केंद्रात अलेक्झांडर व्हेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जिवंत प्रवाळाच्या ऊतीखाली सामू मोजला. तो भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त निघाला. प्रवाळ तिथं आम्ल सतत उपसत असतो. बाहेरचं पाणीच आम्लाकडं झुकलं तर तो उपसा जड जातो. सगळ्या महासागरांच्या बाबतीत हेच चाललेलं आहे, आणि ते मला टाकीत पाहायला मिळालं तेव्हा मी फार अस्वस्थ झालो.

आता माझी चूक, कारण आजच्या बोलण्याचा गाभा तिच्यात आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी चौदा दिवस इकडे आलो. निघण्याआधी टाकी ‘स्वच्छ’ असावी म्हणून फॉस्फेट शोषणारे लोहाचे खडे दुप्पट घातले. पुरवठा यंत्रावर होता, रोज ०.९ डिग्री, ठरलेली. मी इथं असताना फॉस्फेट शून्यावर गेलं, प्रवाळांची भूक मंदावली, आणि यंत्र मात्र ठरल्याप्रमाणे माल घालत राहिलं. रोज पाव डिग्री शिल्लक. पाव डिग्रीनं काय होतं? चौदा दिवसांत साडेतीन होतात. मी गेलो तेव्हा ७.८ होती, परतलो तेव्हा ११.३. अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाच्या ज्या टोकांवर वाढीची कोवळी पांढुरकी कडा असते, ती टोकं जळून नुसता दगड उघडा पडला होता. कितीतरी फांद्या.

मी बाटल्यांचा, मिठाचा, दिव्यांचा संशय घेतला. मग वही उघडली. निघण्याच्या आदल्या दोन सकाळी, खडे घातल्यावर, खर्च ०.९ वरून ०.७ वर आला होता. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी आकडा ‘चांगला’ आहे का एवढंच पाहिलं होतं, तो किती खर्च झाला हे पाहिलं नव्हतं. प्रवाळाला आवाज नाही, तो पळत नाही, अन्न नाकारून तोंड फिरवत नाही. रंग उतरायला आठवडे लागतात. पण तो किती चुना उचलतो, हे दुसऱ्या सकाळी कळतं. आई बाळाला जेवताना पाहते तसं. ताट किती भरलं होतं यापेक्षा ताटात किती उरलं, ते बघायचं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तरुण मंडळी टाकी लावायच्या विचारात दिसतायत. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. मालवणच्या समुद्रातून किंवा लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरून तुकडा उचलणं, मेलेला असला तरी, गुन्हा आहे. माझ्याकडचे प्रवाळ दुसऱ्यांच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींचे कापलेले तुकडे होते. तिथं ते कायदेशीर मिळतात. इथं कुणी बिनकागदाचा प्रवाळ स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो कुठल्या तरी भित्तीवरून तोडलेला असतो. मालवणला जा, पाण्यात उतरा, हात न लावता बघा.

तर, परत आल्यावर. अल्कलिनिटी घाईनं खाली आणायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. चढताना बसला तसाच धक्का उतरतानाही बसतो. मी यंत्र बंद केलं, लोहाचे खडे काढले, फॉस्फेट परत यावं म्हणून माशांना दोन वेळा जास्त खाऊ घातलं, आणि रोज सकाळी थेंब मोजत राहिलो. ११.३. ११.३. ११.२. आठ दिवस काटा जवळजवळ हललाच नाही. बायको विचारायची, ‘आज काय?’ मी म्हणायचो, ‘तेवढंच.’ मग रोज अर्धा दशांश, एक दशांश. फॉस्फेट शून्यावरून लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅमवर आलं. तेविसाव्या सकाळी वहीत खर्च लिहिला ०.३, आणि भिंग घेऊन पाहिलं तर जळलेल्या टोकाच्या कडेनं जांभळी ऊती उघड्या दगडावर परत चढायला लागली होती. त्या दिवशी मी निवळी पुन्हा सुरू केली, एक लिटर.