अमेरिकेतला जुना टीव्ही इथे लावताना

नमस्कार मंडळी. मी एकच गोष्ट सांगायला आलोय, अमेरिकेहून आणलेला जुना वॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) टीव्ही इथे चालवायचा असेल तर सेटला हात लावू नका, सिग्नल बदला.

पूर्वी लोक उलटं करायचे आणि तेव्हा ते बरोबरच होतं. 1982 च्या 15 ऑगस्टला रंगीत दूरदर्शन आलं, नोव्हेंबरात दिल्लीचं एशियाड, आणि त्या काळात परदेशातल्या नातेवाईकांकडून टीव्ही यायला लागले. गल्फमधून येणाऱ्या बहुतेकांवर पाल, म्हणजे आपली रंगीत प्रक्षेपणाची पद्धत चालायची, ते नीट चालायचे. अमेरिकेतून आला की पंचाईत, कारण तिकडे एनटीएससी ही वेगळीच पद्धत. आपला व्हीएचएफ चॅनल 4 म्हणजे 62.25 मेगाहर्ट्झ आणि अमेरिकेचा चॅनल 3 म्हणजे 61.25, त्यामुळे फाइन ट्यूनिंग फिरवून चित्र पकडता यायचं, पण ते वरखाली रोल व्हायचं, मग मागचा व्हर्टिकल होल्ड फिरवून थांबवायचं, आणि एवढं करून चित्र ब्लॅक अँड व्हाइट आणि आवाज नाहीच, कारण त्यांचा आवाज चित्रापासून 4.5 मेगाहर्ट्झवर, आपला 5.5 वर. मग मेकॅनिक साउंडची कॉइल बदलायचा, जमलं तर पालचं किट बसवायचा. घरात दूरदर्शन दिसायला हवं होतं ना!

आता दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद झालेत. हवेत पकडायलाच काही नाही, म्हणजे सिग्नल आपणच द्यायचा, मग तो सेटला हवा तसाच का नाही द्यायचा? साठ वर्षं जसाच्या तसा राहिलेला सेट आपण कापायचा, हे मला खरंच बघवत नाही.

एक गंमत बघा. अमेरिकेत 525 रेषा, सेकंदाला 30 चित्रं, गुणाकार 15,750. आपल्याकडे 625 गुणिले 25, म्हणजे 15,625. आडवी फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती रेषा, जवळपास सारखीच! म्हणून तर तेव्हा चित्र दिसायचं तरी.

सिग्नलचं काम आता सोपं आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या कंपोझिट (साध्या ॲनालॉग व्हिडिओच्या) आउटपुटला सेटिंगमध्ये एनटीएससी करता येतं, ते अमेरिकन व्हीसीआरच्या लाइन इनमध्ये टाका आणि व्हीसीआरमधून चॅनल 3 वर काढा. इथल्या व्हिडिओ गेमचा मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा डबा) नको, त्याचा आवाज परत 5.5 वर. जुन्या सेटला मागे दोन स्क्रू असतात, ते 300 ओहमचे, केबल 75 ची, मध्ये 75 आणि 300 जुळवणारा छोटा बॅलन लावा.

आता वीज. इथे प्लीज नीट ऐका. बाजारात 230 चा 110 करणारा जो स्वस्त डबा मिळतो तो बहुतेक वेळा ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, एकच वाइंडिंग आणि मधून काढलेला टॅप. आणि बऱ्याच स्वस्त अमेरिकन सेटना मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळ्या वॉल्व्हचे हीटर सिरीजमध्ये आणि विजेची एक वायर थेट चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला. प्लग दोन पिनांचा, कसाही बसतो. आता हिशेब करा. डब्याची कॉमन वायर न्यूट्रलवर आली तर चासीवर 0 किंवा 110. लाइव्हवर आली तर 230 किंवा 120. चारपैकी एकच जोडणी सेफ, आणि ती कुठली ते बाहेरून बघून कळत नाही, सेट चारही वेळा छान चालतो! नॉब निघालेला असेल तर धातूच्या शाफ्टला बोट लागलं की संपलं. म्हणून 230 चा 110 करणारा, पण दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच घ्या, महाग पडला तरी.

ज्या सेटला स्वतःचा मेन ट्रान्सफॉर्मर आहे त्याचं वेगळं दुखणं. तो 60 हर्ट्झसाठी बनलेला, 50 वर त्याचा गाभा जास्त भरतो आणि तापतो. 120 न देता 105 ते 110 द्या, तासाभराने हात लावून बघा. चित्र किंचित थरथरेल, कारण वीज 50 ची आणि पडदा सेकंदाला 60 वेळा भरतो (30 चित्रं, प्रत्येक दोन फेऱ्यांत). फिल्टरचे कंडेन्सर नवे टाकले की बरंच कमी होतं, पूर्ण जाईलच असं नाही.

कागदी कंडेन्सर तर चालू करायच्या आधीच बदला, आपल्या पावसाळी हवेत ते हमखास लीक होतात. आणि पहिल्यांदा लावताना 100 वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे आत शॉर्ट असला तर करंट बल्बच अडवेल.

कुणीतरी ब्रिटिश सेटचं विचारलं. त्याला वीज आपलीच चालते म्हणून लोक बिनधास्त लावतात. पण जुना 405 रेषांचा असेल तर त्याची आडवी फ्रिक्वेन्सी 10,125, आणि ते प्रक्षेपण ब्रिटनमध्येही 1985 च्या जानेवारीत बंद झालं. त्याला चित्र 405 रेषांत बदलून देणारा स्टँडर्ड कन्व्हर्टरच लागतो. तो हातात येईपर्यंत कंडेन्सरचं काम उरकून घ्या.